हौदातला हात

२ फेब्रुवारी

ती. मावशी,
सा. नमस्कार.

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. आज सकाळी फिल्म ठेवायच्या थंड खोलीचं कुलूप मी उघडलं. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक आमच्या प्रमुख बाईंच्या कपाटात.

२. खालच्या फळीवर फिल्मचे सात डबे आहेत. चौथ्या डब्याची चिकटपट्टी बदललेली होती. मी पट्टीचं टोक दुमडून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नखाने खरवडावं लागत नाही. हे टोक दुमडलेलं नव्हतं.

३. आतलं रीळ घट्ट गुंडाळलेलं होतं, चकचकीत बाजू बाहेर. जुनी फिल्म आक्रसते. घट्ट गुंडाळली तर तडकते. मी सैल गुंडाळते आणि चकचकीत बाजू आत ठेवते. या रिळांना माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

४. माझी खुर्ची कोणीतरी खाली केली होती. भिंगावर अंगठ्याचा ठसा होता.

५. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उंदीर असेल." मी म्हटलं, "उंदीर चिकटपट्टी लावत नाही." त्या हसल्या नाहीत.

६. दुपारी दिग्दर्शक साहेबांच्या कार्यालयातून पत्र आलं. त्यांच्या पाण्याच्या चित्रपटातले न वापरलेले सगळे तुकडे, म्हणजे हेच सात डबे, सोमवारी ९ मार्चला परत न्यायला माणूस येईल.

हे तुला का लिहिते ते सांगते. आमच्या संग्रहात तो चित्रपट दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आहे. ओरखडे काढायचे, रंग परत आणायचे, तुटलेलं जोडायचं. साहेब आता खूप म्हातारे आहेत. एप्रिलमध्ये त्यांच्या सत्काराला दुरुस्त केलेली प्रत दाखवायची आहे. न वापरलेले तुकडे सहसा कोणी पाहत नाही. मी पाहिले, कारण मूळ रिळात खराब झालेली फ्रेम कधीकधी तिथे चांगल्या अवस्थेत सापडते.

लग्नाआधी तू त्यांच्या कपडेपटात होतीस, असं आई सांगायची. हौदाचं चित्रण झालं तेव्हा तू तिथे होतीस का? पाण्यात नायिकाच उतरली होती की दुसरं कोणी? आठवत असेल तेवढंच लिही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि इथे फोनवर बोललेलं सगळ्यांना नीट ऐकू येतं.

तुझी,
भाची


७ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

मावशीला पत्र लिहितानासुद्धा एक, दोन, तीन? लहानपणी आईशीही अशीच भांडायचीस. "एक, मला भूक लागली आहे. दोन, तू ऐकत नाहीस." फूटपट्टी हे नाव मी उगीच नाही ठेवलं.

चिकटपट्टीचं टोक दुमडलं नाही म्हणून कोणी चोर ठरत नाही. तुझ्या काकांनी आजवर एकाही बरणीचं झाकण सरळ लावलेलं नाही. त्यांना काय तुरुंगात घालू? तुझ्या बाईंनी कोणाला तरी दाखवलं असेल. मोठ्या लोकांकडे मोठे लोक येतात, आपल्याला विचारून येत नाहीत.

कपडेपटात मी होते ते इस्त्री करायला आणि तुटलेली बटणं लावायला. हौदाचा सीन नायिकेने केला. सगळ्या जगाला ठाऊक आहे. पोस्टरवर नाव तिचं, बक्षीस तिला, मग हात काय माझा असणार? इतक्या वर्षांपूर्वीचं मला आता काही आठवत नाही. कालची भाजी आठवत नाही.

ज्याची वस्तू त्याने मागितली तर देऊन मोकळं व्हावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोराच्या आणि हौदाच्या त्या जुन्या भानगडीत तू कशाला नाक खुपसतेस? नोकरी चांगली आहे, डोकं चांगलं आहे, दोन्ही सांभाळ.

त्या थंड खोलीला आतून कडी आहे का? नसेल तर बसवून घे. काम करताना दाराकडे पाठ करून बसू नकोस. आणि जेवायला एकटी बसत जाऊ नकोस, चार माणसांत बस.

तुझी,
मावशी


११ फेब्रुवारी

ती. मावशी,
सा. नमस्कार.

मी पत्रात दोराचा उल्लेख केला नव्हता. मी ते पुन्हा आठवून पाहिलं. हौद लिहिलं होतं, दोर लिहिला नव्हता.

मीही तुला सगळं लिहिलं नव्हतं. तेव्हा फिट्टमफाट. आता लिहिते.

चौथ्या डब्यात हौदाचं निगेटिव्ह आहे. आवाज वेगळ्या रिळावर असायचा, ते रीळ आलेलं नाही, त्यामुळे सगळं मुकं आहे. सुरुवातीला कॅमेरा कोणीतरी तपासण्यापुरता चालू केला असावा. हौदाच्या काठावर एक मुलगी बसली आहे. अंगात नायिकेसारखाच पांढरा झगा, पण दागिना एकही नाही. कमरेला दोर बांधलेला. दोराचं दुसरं टोक एका पोरसवदा सहायकाच्या हातात. तो मूठ दोनदा उघडून मिटून दाखवतो. ती तसंच करते. तो लगेच दोर ओढतो, ती काठावरून घसरते आणि हसते. म्हणजे खूण ठरली. मूठ दोनदा उघडली-मिटली की वर काढायचं.

मग ती मनगटाच्या उलट्या बाजूने कपाळावरचे केस मागे सारते, बोटं न लावता. साबणाचे हात असले की तू भांड्यांपुढे उभी राहून हेच करतेस. मी ते बघत लहानाची मोठी झाले. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. तू स्वतः सांगशील असं वाटलं होतं.

पुढे पाणी, आणि पाण्याबाहेर फक्त हात. मूठ उघडते, मिटते, उघडते, मिटते. चित्रपटात हे एकदा दिसतं आणि लगेच आकाश येतं. डब्यात ते सात वेळा आहे. पडद्यावर चौकटीची कड झाकली जाते, निगेटिव्हवर ती शिल्लक असते. त्या कडेला दोरवाला उभा आहे. तो पाण्याकडे बघत नाही, डावीकडे बघतो. पाचव्या वेळी डावीकडून एक हात चौकटीत येतो. तळवा आडवा. थांब. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं आहे. साहेब अजूनही घड्याळ तसंच घालतात, प्रत्येक फोटोत दिसतं.

त्यापुढचा भाग चिकटून गोळा झाला आहे. तो मी पाहिलेला नाही.

आमच्या दर्शनी दालनात त्या हाताचा भिंतभर फोटो आहे. खाली लिहिलं आहे, "स्त्रीच्या मूक समर्पणाची मुद्रा." मी रोज त्याखालून कामाला जाते. मागच्या वर्षी त्या मुद्रेवर इथे दिवसभर चर्चासत्र झालं. अकरा वक्ते होते आणि दोन बायका, एक चहाला, एक माइकला. माइकला मी होते.

आता कालचं. बाई एका गृहस्थांना घेऊन खाली आल्या. "हे साहेबांचे सचिव." कोट, काठी, फार मऊ आवाज. मी टेबलाशी होते. ते म्हणाले, "मुली, इतकं बारीक बघून डोळे जातात."

"चष्मा आहे," मी म्हटलं.

"आमच्या वेळी डोळ्यांवर काम व्हायचं. तुमच्या वेळी यंत्रावर. यंत्राला लाज नसते, नाही का?"

बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा कोऱ्या फिल्मचा तुकडा उचलला आणि दोन बोटांभोवती गुंडाळला. घट्ट, चकचकीत बाजू बाहेर. मला खुर्चीचं आणि भिंगाचं कोडं सुटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. किल्ली त्यांच्याच कपाटातली होती.

आणखी एक. ते खालचा ओठ दाताखाली धरतात. दोरवाला तसाच धरतो. केस गेले आहेत, बाकी माणूस तोच.

जाताना दारात थांबून म्हणाले, "मावशी बऱ्या आहेत ना? कान कसा आहे त्यांचा?"

मला मावशी आहे हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही. ते गेल्यावर मी दार लावलं आणि त्या दिवशी डबा पुन्हा उघडला नाही.

कडी बसवून घेतली आहे. त्यांना तुझ्याबद्दल कसं कळलं ते लिही.

तुझी,
भाची


१६ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा काका दाढी करत होते. मी ते न्हाणीघरात नेऊन वाचलं, या वयात. चोरून प्रेमपत्र वाचावं तसं.

होय, मी आहे. पुढे वाच आणि मग त्यावर बोलू नकोस.

नायिकेची उंची आणि माझी उंची एक होती. झगा उसवला की तो माझ्या अंगावर घालून शिवायचे. म्हणून मला विचारलं, पाठमोरी उभी राहशील का, मग, पायऱ्या उतरशील का, मग, पाण्यात उतरशील का. अशा कामाला बाई मिळायची नाही. कधीकधी माणसालाच झगा घालून उतरवायचे. साहेब म्हणाले, "हात बाईचाच हवा." मला अभिमान वाटला. मी एकवीस वर्षांची होते, मला कशाचाही अभिमान वाटायचा.

कमरेला दोर होता तसेच झग्याच्या घेरात शिशाचे गोळे शिवलेले होते, वर तरंगू नये म्हणून. ते मीच शिवले होते. पक्का दुहेरी टाका.

खूण तू वाचलीस ती बरोबर आहे. बाकी मला आठवतं ते एवढंच की मी खूण नीट करत होते. घाबरले तरी नीट. मला वाटलं, माझंच चुकतंय, म्हणून पुन्हा केली. जाग आली तेव्हा कपडेपटाच्या चटईवर होते आणि डाव्या कानातून रक्त येत होतं. लहानपणच्या तापाने कान गेला, हे मी तुझ्या आजीला शिकवलं आणि आजीने सगळ्यांना. यांनासुद्धा तेच ठाऊक आहे. त्या आठवड्यात मी काम सोडलं, वर्षात लग्न झालं.

तो दोरवाला इथे येतो. चित्रपटाला काही मानसन्मान मिळाला की महिन्याभरात दारात उभा. हातात फळं. "कशा आहात, सहज आलो." बसतो, चहा पीत नाही, भिंती बघतो. यांना सांगितलंय की जुन्या ऑफिसातला आहे. दर वेळी उठताना म्हणतो, "आठवतं ना, मी तुम्हाला बाहेर काढलं होतं." मी दर वेळी आभार मानते. मग तो जातो.

तुझ्याबद्दल मीच सांगितलं. मागच्या खेपेला तुझा पांढऱ्या कोटातला फोटो भिंतीवर होता. त्याने विचारलं, "ही कोण?" मला एवढं कौतुक की सगळं सांगून बसले, कुठे काम करते, काय करते. त्याचा चेहरा बदलला ते मला दिसलं. तेव्हा वाटलं, उकडत असेल.

आता माझं ऐक. तो डबा जाळ. परत देऊ नकोस, ठेवू नकोस, तुमच्या त्या यंत्रात घालून त्याची नक्कल तर मुळीच करू नकोस. तुम्ही लोक म्हणता जपून ठेवतो. कोणासाठी? भिंतभर फोटो आहेच, आता त्याखाली माझं नाव लावतील. खालच्या मजल्यावरची मुलं फोनवर बघतील. मला बघतील आणि मग जिन्यात मला बघतील. त्यांनी मला एकदाच बुडवलं. तुझी फिल्म मला रोज बुडवेल.

तुझी,
मावशी


१८ फेब्रुवारी

ती. मावशी,
सा. नमस्कार.

तुझं पत्र आज मिळालं, आजच उत्तर लिहिते.

शिशाच्या गोळ्यांचं वाचून मी उठून पाणी प्यायले. इतकंच लिहिते, कारण तू बोलू नको म्हणालीस.

पण जाळण्याबद्दल बोलावं लागेल. आमच्या कामात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. डब्यात काय आहे ते आवडलं नाही तरी डबा आपला नाही. कुजलेली रिळं, कोणाच्या तरी लग्नाची रिळं, खोटं बोलणारी रिळं, सगळी सारखी ठेवायची. मी आजवर एकही फ्रेम फेकलेली नाही. आणि हा पुरावा आहे, मावशी. तुझा. तो गेला की उरतं ते भिंतीवरचं वाक्य. मग त्या हाताबद्दल अकरा वक्ते बोलतील तेच खरं. मला वाटलं होतं की कोणीतरी शेवटी पाहिलं याने तुला बरं वाटेल. मी चुकीचं वाचलं असेन. असं असेल तर सांग.

इथलं सांगते. बाईंनी स्कॅनर वापरायची माझी परवानगी काढून घेतली. "सत्कारापर्यंत यंत्रं दुरुस्तीला जाणार आहेत," म्हणाल्या. यंत्रं जागेवरच आहेत. एक लहान जुनं आहे, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यावर एक रीळ व्हायला दिवस जातो.

काल घरी जाताना सचिवांची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत ते होते. त्यांनी हात वर करून ओळख दाखवली, शेजारी दाखवतो तशी. मी मान हलवली आणि वळून दुकानात शिरले. मला काहीच घ्यायचं नव्हतं. खिळे घेतले.

मी घाबरले आहे. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं.

पत्र यापुढे माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
भाची


२१ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,

नियम! तुझ्या नियमाला मी काय करू? त्या दिवशीही सगळे नियमाने वागले. कॅमेरा चालू असताना कोणी मध्ये बोलायचं नाही, हाही नियमच होता. डबा तुझा नाही म्हणतेस. मग आतली मी कोणाची? तुझी? साहेबांची? त्या अकरा वक्त्यांची?

रागावले आहे. लिहून टाकलं, आता राहू दे. तुला घाबरवायला मी हे सगळं सांगितलं नव्हतं. खिळे घेतलेस हे वाचून हसू आलं आणि मग रडू आलं.

तो काल येऊन गेला. या वेळी सन्मान झालेला नसताना. काका फिरायला गेले होते, ते गेल्यावर पाच मिनिटांत. म्हणजे खाली थांबला असणार. तुझं पत्र टेबलावर वर्तमानपत्राखाली होतं, एक कोपरा बाहेर. त्याने फळांची पिशवी नेमकी त्यावर ठेवली.

"भाची पत्र लिहिते का?" त्याने विचारलं.

"हल्लीची मुलं कुठली पत्रं लिहितात," मी म्हटलं.

"हुशार आहे. हुशार मुलींची नोकरी कधी कशाने जाईल सांगता येत नाही. त्यांना समजवायला घरचं माणूस लागतं." मग म्हणाला, "साहेबांचे फार दिवस राहिलेले नाहीत. शांतपणे जाऊ द्या त्यांना. माझेही फार राहिलेले नाहीत."

आणि उठताना नेहमीचं. "आठवतं ना, मी तुम्हाला बाहेर काढलं होतं." मी आभार मानले. तोंडातून आपोआप निघाले, शिंकेनंतर रुमाल काढावा तसे. तो जिना उतरत होता आणि मला पहिल्यांदा वाटलं, हा दर वेळी हे का सांगतो? मला कोणी विचारलं तरी मी दुसरं काय सांगणार होते? मी तर शुद्धीवर नव्हते.

तू लिहिलंस की पुढचा भाग चिकटला आहे. तो सुटतो का? सुटला तर बघ. मला कोणी काढलं ते मला कळायला हवं. तोच असेल तर तसं सांग, मी निदान फुकट आभार मानत आले नाही एवढं तरी होईल. त्या नायिकेने मात्र काठावर उभं राहून सगळं पाहिलं असणार. पुढे तो हात माझाच म्हणून बक्षीस घेऊन आली. ती वारल्याची बातमी आली तेव्हा मी पेपर उलटा ठेवला होता.

बघ, आणि मग जाळ.

मावशी


२७ फेब्रुवारी

ती. मावशी,
सा. नमस्कार.

चिकटलेला भाग सुटला. ओलसर हवेच्या बंद पेटीत ठेवून थर सैल केले, मग हाताने एकेक वळसा सोडवला. दिवसा केलं, दार आतून लावून. बाईंनी दोनदा कडी वाजवली. मी आतून सांगितलं की उघडलं तर हवा शिरेल. ते अर्धं खरं होतं. काही फ्रेमवरचं चित्र निघून आलं, त्या गेल्या. उरलेलं वाचता येतं.

जे दिसतं तेवढंच लिहिते.

सातव्या खुणेनंतर हात दिसत नाही. पाणी स्थिर होतं. कॅमेरा कोणी बंद केलेला नाही, बहुधा कॅमेरामनही हात सोडून बघत राहिला. दोरवाला काठावर आहे. दोर त्याच्या हातात आहे, सैल. तो डावीकडेच बघतो आहे.

मग उजवीकडून पाण्यात कोणीतरी उडी मारतं. निगेटिव्हवर पांढरं काळं दिसतं, म्हणून पाण्यात एका काळ्या झग्याच्या जागी दोन काळे झगे. एकसारखे. मला आधी वाटलं, दोन फ्रेम एकावर एक छापल्या गेल्या आहेत. मग भिंग लावलं. एकीच्या गळ्यात हार आहे, कानांत लोलक आहेत, केसांत मोत्यांचं जाळं. दुसरीच्या अंगावर काही नाही. हार घातलेली दुसरीला काखेत धरून काठाकडे ओढते आहे. एकदा दोघी खाली जातात. शिसं, मला वाटतं. पुन्हा वर येतात. काठाशी पोचल्यावर ती तुला वर ढकलते आणि तेव्हा दोन-तीन माणसं धावतात. ती पाण्यातच उभी आहे, मोत्यांचं जाळं खांद्यावर आलेलं. ती डावीकडे वळून काहीतरी बोलते. बराच वेळ बोलते. आवाज नाही आणि ओठ मला वाचता येत नाहीत. मग फिल्म संपते.

दोरवाला शेवटच्या फ्रेमपर्यंत जागेवरून हललेला नाही.

मी नंतर पाहिलं. हा तिचा साहेबांबरोबरचा शेवटचा चित्रपट. त्यांच्यावरच्या जाड पुस्तकात कारण एका ओळीत आहे, "नायिकेचा लहरी स्वभाव." पुढे तिला कोणी फारसं घेतलं नाही. बक्षीस तिला मिळालं हे खरं, पण समारंभाच्या फोटोत ते घेणारे साहेब आहेत. ती फोटोत नाही. ती का गेली नाही ते मला माहीत नाही आणि मी अंदाज करत नाही.

मागच्या पत्रात तू विचारलंस की आतली मी कोणाची. मी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. फिल्मचा मालक कोण, डब्याचा कोण, छापील प्रतीचा कोण, सगळं आहे. फिल्ममध्ये जी दिसते तिच्याबद्दल काही नाही. तेव्हा त्या बाबतीत मी नियमाने वागत नाही, एवढंच.

आज मी कामावर जातानाच बाई जिन्यात भेटल्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "तू अजून तरुण आहेस, मी होते तेव्हा मलाही असा एक डबा सापडला होता. मी परत दिला. बघ, मी आज कुठे आहे." मी विचारलं, "त्या डब्यात कोण होतं?" त्या वर निघून गेल्या. नंतर त्यांच्या कपाटाला त्याची किल्ली तशीच लावलेली दिसली; उघडून पाहिलं, तर थंड खोलीची दुसरी किल्ली आत नव्हती. ती सचिवांकडे आहे असं मी धरून चालते. म्हणजे ९ तारखेची वाट न बघता ते कधीही येऊ शकतात. मी डबा जागेवरच ठेवला आहे, कारण हलवला तर त्यांना कळेल.

आता काय होऊ शकतं ते लिहिते. डबे जसेच्या तसे गेले तर साहेबांकडे ते नष्ट होतील, मला यात शंका नाही. तू नाहीशी होशील आणि तीही, पाण्यात उभी असलेली. तू म्हणालीस तसं मी चौथं रीळ स्वतः जाळू शकते. ते मला जमेल, आधी जमलं नसतं. किंवा शनिवार-रविवार इमारत बंद असताना लहान यंत्रावर मी त्याची एकच प्रत करीन आणि ती तुझ्या हातात आणून देईन. ती संग्रहात राहणार नाही, कोणाला दाखवली जाणार नाही, तू ठेव, पुर, फोड. तसं केलं तर माझी नोकरी जाईल आणि चोरीचा ठपका येईल, हे मी धरलं आहे. ते तू मोजू नकोस. यातलं मला काय हवं आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही.

विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. तुझं उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ मी लावणार नाही. मग त्यांनी ठरवलेलं होईल.

सचिव पुन्हा आले तर दार उघडू नकोस. काकांना काय सांगायचं ते तू ठरव, पण त्या माणसाबरोबर घरात एकटी बसू नकोस. मला चार माणसांत बसायला सांगतेस, तेच तुला सांगते.

एक ओळ पुरे, घरच्या पत्त्यावर. शुक्रवार, ६ मार्चपर्यंत ती माझ्या हातात पडेल अशा बेताने पाठव.

तुझी,
भाची